राखीव नमुना

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा बिस्किटांच्या कारखान्यातला पट्टा जागच्या जागी थांबला, भट्टीची धग उतरली, पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली आणि पॅकिंगच्या चाळीस बायकांनी श्वास रोखून धरला. निदान ती तरी असंच सांगते. खरं तर थांबला होता फक्त पट्टा, आणि तोही त्यानंच थांबवला होता. तो म्हणजे पांढरा कोट, पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर जगातलं सगळं पीठ एकट्यानं चाळल्याचा थकवा. गुणवत्ता विभागाचा नवा तपासनीस, वय वर्षं सव्वीस. त्यानं तिच्यासमोरचा एक पुडा उचलला, फोडला, एक बिस्किट डाव्या कानापाशी नेऊन मोडलं आणि डोळे मिटून असा काही ऐकत राहिला, की बिस्किट जणू त्याच्या कानात आपलं मृत्युपत्र सांगत होतं.

"मऊ आहे," तो म्हणाला.

"हे कानानं कळतं?" तिनं विचारलं. ती तेवीस वर्षांची होती, आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती.

"कट् असा आवाज यायला हवा होता. फुस् आला. पुड्याचं तोंड नीट चिकटलेलं नाही. आत हवा शिरलीय."

"मग तेवढा पुडा काढा बाजूला."

"सकाळपासूनचा सगळा माल नापास."

सगळा माल म्हणजे चारशे बावीस पुडे. तिनं स्वतःच्या हातानं भरलेले, रचलेले, मोजलेले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यात प्रत्येक घाण्यातला एक पुडा कपाटात जपून ठेवायची पद्धत होती. पुढे कुणाची तक्रार आलीच तर तो काढून बघायचा. त्याला राखीव नमुना म्हणत. तिनं त्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"राखीव पुडा फोडून बघा ना! तो चांगला निघाला तर?"

"राखीव नमुना तक्रार करणाऱ्याला उत्तर द्यायला असतो," तो म्हणाला, "स्वतःची समजूत घालायला नाही. आणि दुसरा चांगला निघाला म्हणून पहिला चांगला होत नाही."

एवढं बोलून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला. त्या दिवशी तिनं त्याला जे शिव्याशाप दिले, त्यांतले निम्मे जरी लागले असते तरी माणूस संध्याकाळपर्यंत टिकला नसता.

अशा माणसाशी कुणी शहाणी मुलगी लग्न करील का? तिनं केलं. कारण दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा हा इसम पांढरा कोट काढून पुडे चिकटवायच्या यंत्राखाली पालथा पडला होता. तापणारी पट्टी एका बाजूनं वाकली होती, ती त्यानं सरळ करून घेतली. आणि वहीत काय लिहिलं होतं, ते तिनं हळूच उघडून वाचलं: 'दोष यंत्राचा. काम करणारीचा नाही.' आठ महिन्यांनी लग्न झालं. लग्नाच्या फोटोत नवरा नवरीकडे बघत नाहीये. फोटोवाल्याच्या तिवईचा एक पाय आखूड आहे, तिकडे बघतोय.

कारखान्यात त्याला सगळे नापाससाहेब म्हणत. घरीही तो साहेबच होता. नवी छत्री आणली की नळाखाली धरायचा. कुलूप आणलं की पंचवीस वेळा उघडझाप. लेकीचं प्रगतिपुस्तक आलं, की त्यातला एकच विषय मध्येच निवडून सगळ्या धड्यांवर प्रश्न विचारायचा आणि म्हणायचा, "बाकीचं याच्यावरून कळतं." लेक लहानपणी शाळेत सांगायची, "माझे बाबा बिस्किटं फोडायला जातात." यात खोटं काहीच नव्हतं. दर शंभर पुड्यांतला एक तो फोडायचा. उत्पादन व्यवस्थापकाला ते बघवत नसे.

"अहो, बाजारातून एक तक्रार नाही," व्यवस्थापक म्हणायचा, "चांगला माल फोडून काय बघता?"

त्यावर नापाससाहेबांचं उत्तर चौतीस वर्षांत एका शब्दानं बदललं नाही. "तक्रार आल्यावर तपासणं म्हणजे तपासणी नव्हे. तो पंचनामा."

निवृत्तीच्या दिवशी त्याला हेच वाक्य कोरलेलं घड्याळ भेट मिळालं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडायचं. त्यानं ते परत केलं.

आणि मग, बासष्टाव्या वर्षी, आरोग्य केंद्रातून त्याला एक जाड पाकीट आलं.

तिला अशा पाकिटांची सवय होती. दर काही वर्षांनी तिला केंद्रातून पत्र यायचं, ती जायची, छातीची तपासणी, आणखी एक तपासणी, आणि येताना भाजी घेऊन यायची. तिनं कधी त्याचा बाऊ केला नाही. एकदा एका तपासणीत काहीतरी अंधुक दिसलं म्हणून पुन्हा बोलावलं होतं, ते काही निघालं नाही. त्या दिवशी ती भाजीबरोबर फुलंही घेऊन आली, एवढाच काय तो फरक.

त्याच्या पाकिटात एक पत्र होतं, एक हातभर सूचनापत्र होतं आणि एक बोटभर नळी होती. नळीच्या झाकणाला आतून बारीक काडी. शौचाचा कणभर नमुना काडीनं घ्यायचा, नळीत घालून पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर प्रयोगशाळेत कळतं, आणि आतड्यात काही वाईट उगवू लागलं असेल तर ते कोवळं असतानाच सापडू शकतं, असं पत्रात लिहिलं होतं.

त्यानं पत्र वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवरमध्ये ते चार महिने राहिलं.

"अहो, ते पाकीट," ती म्हणायची.

"मला काय धाड भरलीय? खातो, पितो, झोपतो. काही तक्रार नाही."

हे 'काही तक्रार नाही' ऐकलं की तिला भट्टीवाला आठवायचा. तोही हेच शब्द म्हणायचा. भट्टीवाला म्हणजे कारखान्यातला त्याचा जिवाभावाचा दोस्त. जेवायच्या सुट्टीत दोघं एकाच डब्यात जेवायचे. त्याच्याही घरी असंच पाकीट आलं होतं, आणि त्यानं ते टेबलाचा हलणारा पाय टेकायला वापरलं. पुढे त्रास सुरू झाला, तो त्यानं सहा महिने अंगावर काढला. गेल्या वर्षी तो गेला. ती दोघं घरी भेटायला गेली, तेव्हा पाकीट अजून टेबलाखाली होतं. टेबल मुळीच हलत नव्हतं.

तिला नवरा हवा होता. कटकटा, चिकित्सक, छत्र्या भिजवणारा, पण हवा होता. आणि सरळ सांगून हा ऐकणार नाही, हे तिला छत्तीस वर्षांत कळलं होतं. मग एका सकाळी चहा पिताना तिनं सूचनापत्र हातात घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "काय बाई एकेक लिहितात. नमुना कुठून घ्यायचा तेसुद्धा धड सांगितलेलं नाही."

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "दाखव."

"राहू द्या. तुम्हाला काय त्यातलं."

"अगं, दाखव इकडे! चौतीस वर्षं नमुनेच घेतलेत मी!"

पुढचा पाऊण तास त्यानं ते सूचनापत्र पेन्सिलीनं तपासलं. तीन ठिकाणी खुणा केल्या. एका चित्रात काडी उलटी धरली होती, त्यावर फुली मारली. "अशा सूचना दिल्यावर लोक काय नमुने घेणार, डोंबल!" म्हणाला, आणि हे काम जगात नीट करू शकणारा एकच माणूस उरला आहे, अशा चेहऱ्यानं दुसऱ्या सकाळी नळी घेऊन न्हाणीघरात शिरला. आत तो पस्तीस मिनिटं होता. बाहेर आला तो हातमोजे घालून. नळीवर तारीख, वेळ आणि सही. केंद्रानं मागितलं नव्हतं तरी सोबत एक चिठ्ठी: 'नमुना प्रातिनिधिक आहे.'

पाकीट रवाना झालं. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला.

तो जरा लवकरच टाकला. रविवारी लेक आणि जावई नाश्त्याला आले. जावई म्हणजे गरीब गाय, सासऱ्यासमोर चमचासुद्धा आवाज न करता ठेवणारा. टोस्टला लावायला जॅम हवा म्हणून तो स्वतः उठून फ्रीजपाशी गेला. अगदी आतल्या कप्प्यात, कागदाच्या तीन थरांत गुंडाळलेली एक जॅमची बरणी होती. ती घेऊन तो टेबलापाशी आला, कागद सोडले, झाकणाला हात घातला, आणि तेवढ्यात बरणीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"राखीव नमुना. उघडू नये. अहो बाबा, नवीन जॅम आहे का?"

ती स्वयंपाकघरातून अशी काही ओरडली, की शेजारच्यांनी दारं उघडली. जावयाच्या हातातून बरणी निसटली, ती सासऱ्यानं हवेत झेलली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकही नमुना सांडू दिला नव्हता.

"तुम्हाला लाज कशी नाही वाटली?" ती म्हणाली. "फ्रीजमध्ये? दुधाशेजारी?"

"दुधाच्या खालच्या कप्प्यात," तो म्हणाला. "आणि तीन थर आहेत. नियमाप्रमाणे राखीव नमुना थंड जागी ठेवायचा असतो."

लेक हसून हसून जमिनीवर बसली होती. जावयानं पुढे कितीतरी महिने सासुरवाडीला फक्त पाणी घेतलं, तेही नळाचं. फ्रीज तिनं तीनदा धुतला. बरणी मात्र त्यानं टाकू दिली नाही. गच्चीवरच्या खोलीत, बर्फाच्या डब्यात तिची रवानगी झाली, आणि रोज सकाळी बर्फ बदलायला तो स्वतः जिना चढू लागला.

दहा दिवसांनी केंद्राचं उत्तर आलं. 'नमुन्यात रक्ताचा अंश आढळला आहे. याचा अर्थ आपल्याला कर्करोग आहे असा नाही. कारण शोधण्यासाठी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी आवश्यक आहे. कृपया येऊन भेटावे.'

त्यानं ते दोनदा वाचलं. तिनं त्याच्या खांद्यावरून एकदाच वाचलं. 

"नमुना घेण्यात चूक झाली असणार," तो म्हणाला.

"नमुना कुणी घेतला होता?"

 मग तो उठला आणि गच्चीवर गेला.

केंद्रात सिस्टरांच्या टेबलावर त्यानं जेवणाच्या डब्याची पिशवी ठेवली. सिस्टर तरुण होत्या, गालाला खळी पडणाऱ्या. "काका, घरचं जेवण आणलंत की काय आमच्यासाठी?"

"नाही," तो म्हणाला आणि बरणी बाहेर काढली. "राखीव नमुना. तीच तारीख, तीच वेळ. हा तपासून घ्या. स्वच्छ निघाला तर दुर्बिणीची गरज नाही."

सिस्टरांनी चिठ्ठी वाचली. खळी आली, गेली, पुन्हा आली. पण त्या हसल्या नाहीत. फक्त खुर्ची थोडी मागे घेतली.

"काका, ही बरणी मी घेऊ शकत नाही. आणि घेतली तरी उपयोग नाही. आत एखादी गाठ असेल तर ती काही सारखं रक्त सोडत नाही. इथे असेल, तिथे नसेल. दुसरा नमुना चांगला आला म्हणून पहिला चांगला होत नाही."

ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिनं मान वर केली. एका क्षणात छत्तीस वर्षं गळून पडली. तो पट्टा, त्या चाळीस बायका, ते कपाट. आणि इतक्या धास्तीतही तिला हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघड.

"तुला हसायला काय झालं?" तो म्हणाला.

"सिस्टर, हेच वाक्य पुन्हा म्हणा. हळू म्हणा. यांनी माझे चारशे बावीस पुडे याच वाक्यावर नापास केलेत."

"ते वेगळं होतं," तो पुटपुटला.

"वेगळं कसं? माझा माल म्हणून? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? राखीव नमुना स्वतःची समजूत घालायला नसतो, असं मला कोण म्हणालं होतं? मी तेव्हा किती विनवलं तुम्हाला! फोडलात दुसरा पुडा?"

 तो बरणी पिशवीत ठेवायला गेला, तर ती पिशवीच्या तोंडाशी तीनदा अडखळली.  हवेत बरणी झेलणारा हात तो.

"आणि सगळाच माल नापास निघाला तर?" त्यानं विचारलं. इतक्या हळू, की त्याच्या डाव्या कानालाच ऐकू जावं.

तिनं पिशवी त्याच्या हातून घेतली. "तेव्हा माल नापास केलात, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राखाली शिरलात. त्याच सकाळी कळलं म्हणून एका पट्टीवर भागलं. महिन्यानं कळलं असतं तर? मी तुमच्याशी लग्न का केलं असं वाटतं तुम्हाला? रूप बघून?"

सिस्टर आता उघड हसत होत्या.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. निवृत्त झाला तरी ती तिथेच असायची. "तारीख द्या," तो म्हणाला. "सकाळची."

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध प्यायचं असतं. त्यानं त्याचाही तक्ता आखला: फेरी, वेळ, शेरा. पहिल्या काही फेऱ्यांचे शेरे इथे देण्यासारखे नाहीत. ती रिकामा पेला भरून देत होती आणि बंद दाराबाहेरून विचारत होती, "कितवी?" आतून उत्तर यायचं, "बारावी. रस्ता सोड!" सतराव्या फेरीपुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'पारदर्शक. समाधानकारक.' खाली सही.

सकाळी रुग्णालयात त्याला मागे बंदांनी बांधायचा झगा घालायला दिला. त्यानं बंद ओढून बघितले. एक सैल होता. टेबलावर आडवा झाल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "या दुर्बिणीची शेवटची तपासणी कधी झाली?"

"गेल्या मंगळवारी."

"त्याचा कागद..." तो म्हणाला, आणि गुंगीच्या औषधानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला कागद न दाखवता पास झालं.

बाहेर ती बाकावर बसली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चिकटवल्यासारखा. कँटीनमधून तिनं बिस्किटांचा पुडा आणला, त्यांच्याच कारखान्याचा. खायची वासना नव्हती. इकडेतिकडे कुणी बघत नाही असं पाहून तिनं एक बिस्किट कानापाशी नेलं आणि मोडलं.

कट्.

मग तिनं सगळा पुडा संपवला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना फोटो दाखवला. गुलाबी, ओल्या भिंतीवर वाटाण्याएवढा एक फुगवटा. तो अजून गुंगीत होता, तरी पुढे वाकला. "भट्टी जास्त तापली की बिस्किटावर येतो असा फुगा," तो म्हणाला.

"अगदी तसाच. हा काढून टाकलाय. तिथल्या तिथे. प्रयोगशाळेत पाठवलाय, दहा दिवसांत कळेल. पण दिसायला तरी तो अजून कोवळा आहे. असे फुगवटे वर्षानुवर्षं काही त्रास न देता वाढतात, आणि त्यांतल्या एखाद्याचा पुढे कर्करोग होतो. त्रास व्हायची वाट बघितली असतीत तर..."

"तर पंचनामा," तो म्हणाला. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि नाक पुसलं. थोड्या वेळानं त्यानं, जीभ जड असतानाच, विचारलं, "डॉक्टर, त्याचा राखीव नमुना?"

"ठेवतात ना प्रयोगशाळेत. जपून, कितीतरी वर्षं. नाव, तारीख, नंबर लावून."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डॉक्टरीणबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो सोडवायला सिस्टरांना मदत करावी लागली. घरी जाताना तो रिक्षात तीनदा म्हणाला, "नंबर लावून ठेवतात, ऐकलंस?"

दहा दिवसांनी अहवाल आला. कर्करोग नव्हता. होण्याच्या वाटेवरची गाठ होती, ती मुळासकट निघाली होती. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बिणीसाठी या, असं लिहिलं होतं. त्या दुपारी ती दोघं गच्चीवर गेली, बर्फाचा डबा उघडला आणि बरणीची विल्हेवाट लावली. ती कशी, ते सांगायला लेखक बांधील नाही. जावई मुद्दाम हजर राहिला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

पुढचं वर्ष कारखान्यातल्या निवृत्त मंडळींना फार जड गेलं. नापाससाहेब एकेकाच्या घरी जाऊन थडकायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "पाकीट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे?" टेबलांचे पाय वाकून तपासायचा. उत्पादन व्यवस्थापक तर दोन तास हटून बसला होता.

"अहो, मला काही तक्रार नाही!"

"मग बरोबर वेळेला आलोय मी," नापाससाहेब म्हणाला आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसला. शेवटी व्यवस्थापकानं नमुना दिला. उत्तर आलं: रक्त नाही. नापाससाहेबानं ते कागद उलटसुलट करून वाचलं आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "पास." त्या माणसाच्या हातचं काहीतरी त्यानं पहिल्यांदाच पास केलं होतं. व्यवस्थापकाच्या बायकोनं ते उत्तर जपून ठेवलंय.

तीन वर्षांनी त्याची दुर्बिणीची तपासणी झाली. काही निघालं नाही. त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा झाली. काही निघालं नाही. दोन्ही वेळा ती बाकावर बसली, एक पुडा संपवला आणि येताना भाजी आणली. पंचाहत्तरी उलटल्यावर केंद्रानं वयोमर्यादेमुळे त्याचं नाव यादीतून काढलं. आता त्याला पाकीट येत नाही.